रुपीबाईचे मंगळवार

रुपीबाईचा मोबाईल नारिंगी झाला, ही बातमी जयाला हापशीवर कळली. तिच्या आधीच अर्ध्या तांड्याला ती कळलेली होती. सकाळी आठची वेळ, पाण्याला पाच-सहा बायका उभ्या, आणि तोंडाला रुमाल बांधलेली जया लांबून येताना दिसली तशा त्या सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. एक म्हणे, नारिंगी म्हणजे झालाच कोरोना. दुसरी म्हणे, नाही, लाल झाल्यावर होते; नारिंगी म्हणजे अजून वाटेत आहे.

जया तांड्याची आशाताई. दिग्रसच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून जरा आत, साठ-सत्तर घरांचा हा तांडा. पंधरा वर्षांपूर्वी ती इथे सून म्हणून आली, आणि गेली आठ वर्षे घरोघर फिरून गोळ्या वाटणं, बाळंतपणाच्या नोंदी ठेवणं, लसीच्या दिवशी लेकरं गोळा करणं हे तिचं काम. कोरोना आला तशी तिच्या पिशवीत कपाळाला धरायची बंदूक आली, बोटाला लावायचा चिमटा आला आणि एक जाडजूड रजिस्टर आलं. त्यात प्रत्येक रोग्याच्या नावापुढे तो कोणाकोणाला भेटला ते लिहायचं.

मागच्या साली ते अॅपही आलं. फोनचं ब्लूटूथ चालू ठेवायचं. आपण कोणाजवळ बसलो-उठलो ते दोन फोन आपापसात टिपून ठेवतात, आणि त्यातला एखादा माणूस पुढे पॉझिटिव्ह निघाला की आपल्या फोनचा हिरवा पडदा नारिंगी होतो. कोण निघालं ते मात्र अॅप सांगत नाही. तांड्यात अॅप असलेले फोन हातावर मोजण्याइतके. त्यातले तीन एकाच घरात, कारण रुपीबाईचा मुलगा संजय पिकअप चालवायचा, दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापूस पोचवायचा, आणि तिथला फाटकावरचा चौकीदार अॅप पाहिल्याशिवाय गाडी आत सोडत नव्हता. स्वतःच्या फोनमध्ये टाकलं, मग बायकोच्या टाकलं, आणि आपला जुना फोन आईला दिला होता त्यातही टाकून दिलं.

आता गंमत अशी, की रुपीबाई कुठे जातच नव्हती. साठीची बाई. घर, आणि रस्त्यालगतचं खालचं वावर. यंदा त्या वावरात हरभरा होता, माकडांचा उपद्रव भारी, म्हणून ती शिदोरी बांधून सकाळी राखणीला जायची आणि सांजेला परत यायची. माकडांना कोरोना झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

जया पोचली तेव्हा अंगणात मजमा जमला होता. रुपीबाईचा नवरा नेमसिंग लिंबाखाली खाटेवर बसला होता. शेजारचा खेमसिंग कुडाला टेकून उभा. संजय फोन हातात धरून येरझारा घालत होता, आणि दाराच्या आत त्याची बायको ललिता, सातव्या महिन्यातली, पदर नाकावर दाबून. रुपीबाई एकटीच ओसरीच्या कडेला बसून तुरी निवडत होती. जणू हे सगळं दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं आहे.

"वैनी, तुम्हीच विचारा आता," संजय म्हणाला. "मी रातपासून विचारून राह्यलो. म्हणते, कुठीच नाही गेली."

"कुठं जाईन मी?" रुपीबाई सुपातून मान वर न करता म्हणाली.

"मंग फोन खोटा बोलते काय?"

"फोनले काय समजते."

खेमसिंग हसला. "भौजी बाजारात जाऊन भजे खाऊन आली असन, अन् सांगाले लाजून राह्यली."

दोघं-चौघं हसले. रुपीबाईच्या बोटांनी तुरीतला एक खडा उचलून लांब फेकला. जयाने ते पाहिलं, आणि तिला वाटलं, ही बाई भ्यालेली नाही. ही बाई कोणाला तरी झाकून बसली आहे.

आणि तिला भीमसिंग आठवला. मागच्या पावसाळ्यात तांड्यातला तो पहिला रोगी. जयाने त्याच्याकडून साऱ्या भेटीगाठी विचारून घेतल्या, त्याने भोळेपणाने सांगितल्या, आणि तिने नियमाने ती यादी गावाच्या कोरोना समितीच्या व्हॉट्सअॅप गटात टाकली. गटातून ती दुसऱ्या गटात गेली, तिथून तिसऱ्या. सांजेपर्यंत भीमसिंगच्या बोळीत बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या. दूधवाला येईना, पिठाची गिरणी दळण घेईना. कोणाकडे तो जुगाराला बसला होता तेही यादीत होतं, त्यामुळे दुसऱ्या दोन घरांत भांडणं झाली ती वेगळीच. भीमसिंग बरा झाला आणि बायकोला घेऊन राजूरला खाणीच्या कामावर निघून गेला. जाताना जयाच्या दारावरून गेला, पण राम राम केला नाही.

"अगोदर टेस्ट," जया म्हणाली. "उपकेंद्रावर सिस्टर दहा वाजता येते. काकी, ललिता, दोघीबी चला. अन् इथं गर्दी कायले? खेमसिंगभाऊ, तुमचा तर मास्कच नाही."

खेमसिंगने उपरणं तोंडावर ओढलं. जया रुपीबाईला म्हणाली, "काकी, तुमचं ऑक्सिजन पाहू द्या. इथं उन्हानं आकडा दिसत नाही, तिकडं सावलीत चला."

सावली अंगणातही होती. पण जयाने तिला घरामागच्या कडब्याच्या गंजीपलीकडे नेलं. तिथून पुढे उघडं वावर आणि बांधावरचे फुललेले पळस. ऐकायला कोणी नाही.

जयाने तिच्या बोटाला चिमटा लावला. आकडा शहाण्णव आला. ताप नव्हता. घसा जरा बसलेला होता.

"काकी, मी विचारत नाही," जया हळूच गोरबोलीत, तांड्याच्या घरच्या बोलीत, म्हणाली. "पण घरात ललिता आहे. तिच्या पोटात लेकरू आहे. कोणाजवळून आलं ते मले माहीत पाह्यजे. रजिस्टर मी घरीच ठेवून आली."

रुपीबाईने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग गंजीला टेकून खाली बसली.

"सोनूचा फोन लागून नाही राह्यला," ती म्हणाली. "गुरुवारपासून बंद दाखवते."

जयाला क्षणभर समजेना. मग समजलं. सोनू म्हणजे संजयची पहिली बायको. अकरा वर्षं या घरात नांदली. मूल झालं नाही. पुढे नवरा-बायकोत जे व्हायचं ते झालं, पंच बसले, आणि तीन वर्षांपूर्वी सोडचिठ्ठी झाली. माहेरी कोणी उरलं नव्हतं, म्हणून सोनू दिग्रसला खोली करून राहिली आणि एका दवाखान्यात आयाचं काम धरलं. तिच्या फोनमध्ये ते अॅप दवाखान्यानेच टाकायला लावलं होतं. तांड्यात तिचं नाव निघणं बंद झालं. नवी सून आल्यावर तर नावच काढायचं नाही अशी घरची रीत पडली.

"तिच्याकडं जाता तुम्ही?"

"मंगळवारी तिची सुट्टी असते. मी वावरात जातो म्हणून निघते, रस्त्यावरून काळीपिवळी पकडते. तिच्या घरी जाऊन जेवतो दोघी. ती माह्या डोक्याले तेल लावून देते. चारच्या गाडीनं वापस." रुपीबाईने पदराने नाक पुसलं. "दर मंगळवारी माकडं अर्ध वावर खाऊन जातात. तुह्या काकाले वाटते माकडाले वार समजते."

जयाला हसू आलं, ते तिने रुमालाआड गिळलं.

"किती दिवसांपासून?"

"ती गेली तवापासून. अकरा साल एका चुलीवर भाकरी केल्या आम्ही. मले विषमज्वर झाला तवा पोटच्या पोरीनं नसतं केलं ते तिनं केलं. सोडचिठ्ठी संजयनं देल्ली. म्या कुठं देल्ली?"

मग रुपीबाईच पुढे म्हणाली, "तू मले टेस्टले ने, वावरात ठेव, सुई दे, काही कर. पण आधी तिचं पाह्य. एकटी आहे ते. कोणी पाणी देणारं नाही."

टेस्ट झाली. ललिता निगेटिव्ह निघाली, नेमसिंग आणि संजयही. रुपीबाई पॉझिटिव्ह. सिस्टरने गोळ्या दिल्या, आणि रुपीबाईने आपणहून खालच्या वावरातली झोपडी मागून घेतली. जेवणाचा डबा संजय बांधावर ठेवून येईल असं ठरलं. ललिताची आठ दिवसांनी पुन्हा टेस्ट करायची होती.

दुपारी जयाने दिग्रसच्या कोविड सेंटरला फोन लावला. उचलणाऱ्या नर्सबाईने नाव ऐकलं आणि सरळ सांगितलं, "कोण भरती आहे ते आम्ही फोनवर सांगत नाही."

जयाला राग यायला हवा होता, पण बरं वाटलं. "नका सांगू," ती म्हणाली. "माझा नंबर घ्या. त्या नावाची बाई तिथं असेल, तर तिला म्हणा याडीच्या तांड्यावरून फोन आलता. नसेल तर चिठ्ठी फाडून टाका."

अर्ध्या तासाने एका अनोळखी नंबरवरून फोन आला. सोनूचा आवाज थकलेला, पण धड होता. चार्जर खोलीवर राहून गेलेला, फोन बंद पडला होता, हा शेजारच्या खाटेवरल्या बाईचा. दवाखान्यात गुरुवारी सगळ्यांच्या टेस्ट झाल्या, त्यात ती निघाली.

"याडीले झाला काय?" हाच तिचा पहिला प्रश्न. सासूला ती अजून याडी, म्हणजे आईच, म्हणत होती.

"झाला. पण बरी आहे. ताप नाही."

मग सोनू म्हणाली, "माह्यामुळं झालं. मले विचारलं होतं वैनी इथं, कोणाकोणाले भेटली म्हणून. मी याडीचं नाव नाही सांगितलं. म्हटलं, यादी तांड्यावर जाईन, घरात आग लागन, म्हातारपणी तिले सगळे बोलतीन. भीमसिंगभाऊचं कानावर आलतं माह्या." ती थांबली. "ललिताले तर काही नाही ना?"

"नाही."

"देव पावला," सोनू म्हणाली आणि रडायला लागली.

फोन ठेवल्यावर जया चुलीपुढे नुसतीच बसून राहिली. मंगळवारी भेट झाली, आज शनिवार. गुरुवारीच नाव मिळालं असतं तर रुपीबाई दोन दिवस आधी वेगळी झाली असती. दोन दिवस सातव्या महिन्यातल्या ललिताच्या हातचं जेवली नसती. सोनूने लपवलं, रुपीबाईने लपवलं. पण काहून लपवलं? जी बाई खोटं बोलली तिच्यावर बोट ठेवणं सोपं होतं. जयाला मात्र आपल्याच बोटाने गटात टाकलेली ती यादी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी उपसरपंच घनश्यामभाऊ मोटारसायकलवरून आले. मूळ गावातला कापूस-सोयाबीनवाला भला माणूस, पण कोरोना समितीचा कारभार अंगावर आल्यापासून सतत घाईत.

"जयाताई, गटात रुपीबाईची यादी नाही टाकली अजून. लोक विचारून विचारून जीव खाऊन राह्यले."

"डॉक्टर मॅडमकडं देल्ली भाऊ. सगळी नावं देल्ली. ज्यांच्या टेस्ट करायच्या त्यांच्या झाल्या. काळीपिवळीवाल्यालेबी बोलावून घेतलं."

"ते ठीक आहे, पण गटात?"

"गटात नाही टाकत."

घनश्यामभाऊंनी गाडी बंद केली. "काहून?"

"कुठं लिहिलं आहे टाका म्हणून? कागद दाखवा, टाकतो."

कागद त्यांच्याकडे नव्हता, आणि तो नाही हे त्यांना आताच कळलं असावं. "आतापर्यंत टाकतच होतो ना आपण."

"टाकत होतो. अन् भीमसिंग गाव सोडून गेला," जया म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण हातातली पिशवी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "भाऊ, रोग कोणापासून आला ते डॉक्टरले सांगाव लागते. ते मी सांगन. रातच्याले उठवा, सांगन. पण कोण कोणाकडं कायले गेलतं, हे साऱ्या गावाले वाचाले कायले पाह्यजे? आता लोक मले खोटं सांगाले लागले. पुढं कोणी खरं सांगणारच नाही. मंग तुमची यादी काय कामाची?"

घनश्यामभाऊंनी गाडीची चावी फिरवली. गाडीला लाथ मारली आणि गेले. सांजेला जयाने पाहिलं, तिला गटातून काढून टाकलं होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. आठ वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. पाचव्या दिवशी लेकरांच्या डोसाचा निरोप द्यायला माणूस सापडेना, तेव्हा तिला काही न बोलता परत गटात घेतलं. आणि यादी कोणी मागितली नाही.

संजय आला तो त्याआधीच, सोमवारी. अंगणात न येता कुंपणाशीच उभा राहिला.

"वैनी, तुम्हाले माहीत आहे."

जया सूप खाली ठेवून उभी राहिली.

"सांगू नका. मले कळू शकते," संजय म्हणाला. त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला. "याडीजवळचा फोन माहा जुना आहे. त्यात अजून माह्याच नावाचं खातं आहे. कोणत्या दिवशी कुठं गेला, किती वेळ थांबला, सगळा नकाशा येते यात. वर्षभराचा. एक बटन दाबलं की झालं."

"मंग दाबलं काहून नाही?"

संजयने मान खाली घातली. अंगठा त्या काळ्या काचेवर नुसताच फिरवत राहिला.

"दोन दिवसांपासून काढतो अन् ठेवतो," तो म्हणाला. "तिनं मले जन्म देल्ला, वैनी. मी तिची चोरासारखी झडती घेऊ? अन् नाही घेतली, तर मनात काय काय येते."

"काय येते?"

"येते. म्हणाव वाटत नाही." त्याने घसा खाकरला. "दिग्रसलेच जाते ते. नाही काय?"

तोंडातून एक शब्द निसटला तर आपण पुन्हा तेच करू ज्याने भीमसिंग गेला, एवढं जयाला कळत होतं.

"संजूभाऊ," ती शेवटी म्हणाली, "फोनले नोको विचारू. तिले विचार. पण असं नोको विचारू का कुठं गेलती. परवा अंगणात तसंच विचारलं ना, दहा माणसांत. कशी आहेस, एवढं विचार. मंग ती काय सांगन ते ऐक. नाही सांगितलं तर घरी ये."

तो गेला. जयालाही गोळ्या द्यायला त्याच वाटेने जायचं होतं, तेव्हा थोड्या वेळाने तीही निघाली. खालच्या वावराच्या वळणावर तिला दोघं दिसली. रुपीबाई झोपडीच्या दारात बसलेली, संजय पंधरा-वीस हातांवर बांधावर, मधे सोंगलेल्या हरभऱ्याचे ढीग. रुपीबाई बोलत होती. हात हलत होते. संजयने डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. वारा जयाकडेच वाहत होता. अजून दहा पावलं गेली असती तर शब्द कानी पडले असते. जया तिथूनच मागे वळली. गोळ्या उद्या सकाळी दिल्या तरी चालणार होत्या.

चौदा दिवस पार पडले. ललिताची दुसरी टेस्टही निगेटिव्ह आली. रुपीबाई झोपडीतून घरी आली त्या दिवशी तांड्यात होळीच्या लेंगी गाण्यांचा ताल धरायला सुरुवात झाली होती. यंदा गर्दी करायची नाही असा हुकूम होता, म्हणून बाया आपापल्या दारात उभ्या राहूनच गात होत्या. जया शेवटची नोंद करायला गेली. या वेळी दोघी ओसरीतच बसल्या.

"विचारलं त्यानं," रुपीबाई म्हणाली. "मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आग लागन. त्यानं टोपी झटकून डोक्यावर घातली. मंग म्हणे, बरी आहे काय ते?"

"तुम्ही काय म्हणाल्या?"

"म्हटलं, घरी आली सेंटरमधून. अशक्तपणा आहे. तर म्हणे, मंग तुह्या हातचे बोंडं घेऊन जाजो. गुळाचे. तिले आवडतात." रुपीबाईने डोळे पुसले नाहीत, नुसतं पुढे पाहिलं. "ललितालेबी त्यानंच सांगितलं. पोरगी दोन दिवस बोलली नाही माह्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणे, याडी, मंगळवारी जाल तर माह्यासाठी दिग्रसवरून बोरं आणा. काकाले कोणी सांगितलं का नाही, मले माहीत नाही. ते माकडाले शिव्या देऊनच राह्यले."

आता रुपीबाई मंगळवारी दिग्रसला जाते ते उघड जाते, निदान घरापुरतं. गाडी रिकामी असली तर संजय तिला बसस्टँडपर्यंत सोडतो. पुढच्या बोळीत तो जात नाही, आणि त्याला कोणी चल म्हणत नाही. फोन तिने त्याला परत दिला आणि बटनांचा साधा घेतला. तांड्यातल्या बाकी कोणाला यातलं काही कळलं नाही. खेमसिंगचं अजून म्हणणं आहे की ती भजेच खायला गेली होती.

जयाने त्यानंतर एक गोष्ट बदलली. अंगणात, चार माणसांत ती कोणाला काही विचारत नाही. माणसाला बाजूला घेते, रजिस्टर पिशवीतच ठेवते, आणि आधी सांगून टाकते की तुम्ही सांगाल ते मी डॉक्टर मॅडमपाशी नेईन, दुसरीकडे नाही. याला वेळ लागतो. एका घराला अर्धा अर्धा तास जातो. एप्रिलमध्ये रोग वाढला तेव्हा दिवस पुरेना, पाय सुजले. पण लोक सांगू लागले. त्या महिन्यात पॉझिटिव्ह निघालेल्या धरमसिंगने तिला गंजीआड नेऊन तीन नावं सांगितली, आणि चौथं सांगताना इकडेतिकडे पाहिलं. जयाने 'सांगा' अशी मान हलवली, आणि तो बोलेपर्यंत उन्हात उभी राहिली.